सालाद शिराझी: नावातले शिराझ आणि वाडग्यातले फिरंगी फळ

इराणमधल्या शिराझ शहरात दुपारच्या जेवणाला कलम पोलो, म्हणजे कोबी आणि खिम्याचे बोराएवढे गोळे घालून केलेला भात, असला की त्याच्या शेजारी एक खोलगट वाडगे हमखास येते. त्यात काकडी, टोमॅटो आणि कांदा हरभऱ्याच्या दाण्याएवढे चिरलेले असतात, वर वाळवलेला पुदिना चुरलेला असतो आणि तळाशी आंबट पाणी सुटलेले असते. हेच सालाद शिराझी. शिराझ ज्या फार्स प्रांताची राजधानी आहे, त्या प्रांताच्या सीमा या वाडग्याने केव्हाच ओलांडल्या असून आज तेहरानच्या घरांत शेंगांच्या भाताबरोबर, कबाबाबरोबर आणि परदेशी स्थायिक झालेल्या इराणी कुटुंबांच्या पानातही ते तितक्याच सहजपणे मांडले जाते. त्याला सगळे 'पारंपरिक' म्हणतात. ते चूक नाही. मात्र ही परंपरा किती जुनी, असा प्रश्न विचारला तर वाडग्यातला प्रत्येक जिन्नस वेगळे उत्तर देतो.

सर्वांत अलीकडचे उत्तर टोमॅटोचे. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला, आणि इराणमध्ये तो एकोणिसाव्या शतकात, काजार राजवटीत रुळला. त्याचे फारसी नावच त्याचे परकेपण सांगते: 'गोजे फरंगी'. गोजे म्हणजे वसंतात मीठ लावून खाल्ला जाणारा हिरवा, आंबट आलुबुखारा, आणि फरंगी म्हणजे युरोपी माणसांचा. मराठीत आपण ज्याला फिरंगी म्हणतो तो हाच शब्द. इराणी माणसाने स्ट्रॉबेरीला 'तूत फरंगी' म्हटले, मटाराला 'नखोद फरंगी', म्हणजे फिरंगी हरभरा, आणि टोमॅटोला फिरंगी आलुबुखारा. नव्या फळाला जुन्या ओळखीच्या फळाशेजारी बसवण्याची ही रीत आपल्यालाही नवी नाही. विदर्भात त्याला भेदरे म्हणणारी आणि इतरत्र वेलवांगे म्हणणारी जुनी माणसे याच वाटेने गेली. इराण्यांना तो आलुबुखाऱ्यासारखा दिसला, आपल्याकडे काहींना वांग्यासारखा.

इराणी पाककलेची दोन महत्त्वाची सफवीकालीन पुस्तके उपलब्ध आहेत. एक 1521 मधले, दुसरे शाह अब्बास पहिला याच्या मुदपाकखान्यातील आचाऱ्याने 1594-95 च्या सुमारास लिहिलेले. पोलो, आश म्हणजे दाट सूप, कबाब असा त्या काळचा दरबारी थाट त्यांत सापडतो. टोमॅटो अर्थातच नाही. आजच्या इराणी स्वयंपाकात तो इतका मुरला आहे की त्याच्याशिवाय कबाबाचे ताट पुरे होत नाही, आणि म्हणूनच त्याचे वय दीडेकशे वर्षांच्या आसपास आहे हे सहज विसरले जाते.

'सालाद' हा शब्दही बाहेरचाच, फ्रेंचमधून आलेला. 1851 मध्ये तेहरानला दार-उल-फुनून ही आधुनिक शिक्षणसंस्था निघाली, इराणचा काजार राजा नासिरुद्दीन शाह याने 1873, 1878 आणि 1889 असे युरोपचे तीन दौरे केले, आणि फ्रेंच ही इराणच्या सुशिक्षितांची परकी भाषा झाली. तेव्हापासून आजतागायत इराणी माणूस आभार मानताना सर्रास 'मेर्सी' म्हणतो. याच काळात टेबलावर मांडायच्या पदार्थांची युरोपी नावेही आली. गंमत अशी की इराणमध्ये सालाद या नावाने मिरवणारा दुसरा लोकप्रिय पदार्थ, 'सालाद ओलिविये', हा मॉस्कोतल्या एका उपाहारगृहात ओलिव्हिए नावाच्या आचाऱ्याने एकोणिसाव्या शतकात केलेल्या पदार्थाचा वंशज आहे. त्यात उकडलेला बटाटा, कोंबडी, अंडी, खारवलेली काकडी आणि भरपूर मेयोनेझ असते. एकाच शब्दाखाली हे दोन पदार्थ नांदतात, आणि त्यांच्यात काकडीखेरीज फारसे काही समान नाही.

मग सालाद हा शब्द नव्हता तेव्हा इराणी पानात डावी बाजू नव्हती का? होती, आणि ती बरीच भरलेली होती. रोटी आणि पनीराबरोबर 'सब्जी खोर्दन' म्हणजे कच्च्या खायच्या पाल्याचे ताट येई आणि आजही येते: तुळशीच्या जातीतले रैहान, पुदिना, तारखून (इंग्रजीतले टॅरागॉन), कांद्याची पात, लहान लाल मुळे. दह्यात काकडी किसून किंवा बारीक चिरून 'मास्त ओ खियार' केले जाते, ज्याला आपण बिनफोडणीची काकडीची कोशिंबीर म्हणू. सिरक्यात मुरवलेल्या भाज्यांना 'तोर्शी' म्हणतात. आणि सिरका व मध किंवा साखर आटवून, त्यात पुदिना उतरवून केलेले 'सेकंजबीन' हे सरबत तर वैद्यकाच्या ग्रंथांतून स्वयंपाकघरात आलेले आहे. नववर्षाच्या तेराव्या दिवशी इराणी कुटुंबे घराबाहेर, झाडापाण्यापाशी दिवस घालवतात, तेव्हा लेट्यूसची पाने सेकंजबीनमध्ये बुडवून खातात. उन्हाळ्यात त्याच सरबतात किसलेली काकडी घालून पितात. काकडी, पुदिना आणि आंबट यांची गाठ अशी टोमॅटोच्या आधीच पक्की बांधलेली होती. माझ्या मते सालाद शिराझीचा खरा पूर्वज शोधायचा तो इथे.

काकडी मूळची आपल्या बाजूची. तिचे रानटी भाऊबंद हिमालयाच्या पायथ्याशी आजही उगवतात, आणि तिथून ती इराणमार्गे पश्चिमेला गेली. तिचे फारसी नाव 'खियार' अरबीत आणि तुर्कीत तसेच उचलले गेले, यावरून तिच्या प्रवासाची दिशा कळते. तुर्कीत पुढे हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला आणि काकडीला 'सालातालिक', म्हणजे सालादाची वस्तू, असे सभ्य नाव मिळाले. शब्दांचे भोगही विचित्र असतात. इराणमध्ये मात्र खियारची प्रतिष्ठा अबाधित आहे. पाहुणे आले की फळांच्या तबकात सफरचंद आणि संत्र्याच्या बरोबरीने लहान, पातळ सालीच्या काकड्या ठेवतात, शेजारी मिठाची छोटी वाटी, आणि पाहुणा ती फळासारखीच सोलून खातो. कांद्याचे मूळ शोधायलाही फार दूर जावे लागत नाही, कारण त्याचे जवळचे रानटी नातलग इराण आणि तुर्कमेनिस्तानच्या सीमेवरच्या कोपेत दाग डोंगरांत सापडतात.

आता आंबटाकडे येऊ, कारण या पदार्थाला शिराझचे नाव कशामुळे शोभते याचे उत्तर मला तिथेच दिसते. आज बहुतेक पाककृतींत लिंबाचा रस लिहिलेला असतो, आणि तो परका नाही: शिराझच्या आग्नेयेला असलेले जहरोम हे लिंबाच्या बागांसाठी इराणभर प्रसिद्ध आहे. फारसी 'लीमू' आणि आपला 'लिंबू' यांचे नाते तर ऐकताक्षणीच कळते. पण शिराझचे जुने घर विचाराल तर ते 'आबघूरे' सांगेल. घूरे म्हणजे कच्ची, हिरवी द्राक्षे, आणि आब म्हणजे पाणी. आपल्या 'गुलाब' या शब्दाच्या शेपटाला जो आब आहे तोच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला द्राक्षे अजून टणक आणि दात आंबवणारी असतात तेव्हा ती पिळून रस काढतात, गाळतात, मीठ घालतात, आणि उकळून किंवा बाटल्या उन्हात ठेवून तो वर्षभरासाठी टिकवतात. त्याचा आंबटपणा लिंबापेक्षा सौम्य असतो, त्यात फळाची किंचित चव उरते, आणि सिरक्यासारखा तो नाकात जात नाही. द्राक्षांच्या मळ्यांनी वेढलेल्या प्रांतात हा रस स्वस्त होता, आणि घूरे बोलीतही इतके भिनले आहे की घाईघाईने मोठेपणा मिरवणाऱ्याला इराणी माणूस म्हणतो, 'घूरे नशोदे मविझ शोदे': अजून घूरे झाला नाही, तोच बेदाणा झाला. (शिराझ नावाची प्रसिद्ध वाइन-द्राक्षे मात्र इराणची नव्हेत, ती आग्नेय फ्रान्समधल्या दोन जातींच्या संकरातून झाली, हे 1998 मध्ये जनुकीय तपासणीतून स्पष्ट झाले.)

तिसरा आंबट रस नारेंजाचा. शिराझच्या बागा आणि रस्ते नारेंजाच्या झाडांनी भरलेले आहेत. वसंतात त्यांच्या फुलांचा वास गावभर पसरतो आणि ती वाळवून चहात घालतात. फळ संत्र्यासारखे दिसते, पण कडवट आंबट असल्यामुळे ते सोलून खात नाहीत, जेवणावर पिळतात. शब्द आपल्या नारिंगाचाच, संस्कृतातून तिकडे गेलेला. थोडक्यात, टोमॅटो आला तेव्हा त्याच्यासाठी तीन तऱ्हेचे आंबट शिराझमध्ये तयारच होते.

पुदिन्याची गोष्ट वेगळी. मराठीतला पुदिना हा शब्द फारसीतून आलेला, पण आजच्या इराणमध्ये बागेतल्या पुदिन्याला 'नअना' म्हणतात, आणि 'पूने' हे नाव ओढ्याकाठी उगवणाऱ्या रानपुदिन्याला उरले आहे. सालाद शिराझीत ताजा नव्हे, सावलीत वाळवलेला नअना घालतात. यामागे दोन कारणे दिसतात. सुमारे 1500 मीटर उंचीवरच्या शिराझची हवा कोरडी असल्यामुळे पाला उत्तम वाळतो आणि त्याचा हिरवा रंगही बराच टिकतो. दुसरे कारण इराणी घरांत अजून रोज बोलले जाणारे 'गर्म' आणि 'सर्द' यांचे गणित: काकडी, दही, टोमॅटो थंड, आणि पुदिना उष्ण, म्हणून थंड पदार्थावर पुदिना चुरला की पोटाला तो सोसतो. यूनानी वैद्यकातून आलेला हा विचार आपल्याकडच्या आजीलाही लगेच पटेल, फक्त पुदिना थंड की उष्ण यावर ती बहुधा वाद घालील.

अशा बारीक चिरलेल्या वाडग्यांचे गोत मोठे आहे. तुर्कस्तानात 'चोबान सालातासी', म्हणजे धनगराची सालाद, आणि मध्य आशियात पातळ चकत्यांची 'अचिचुक' हे त्यातलेच. भारतात पारशी लोक धनसाकबरोबर कचुंबर खातात, म्हणून ते इराणहून आले असावे असा तर्क पुष्कळदा ऐकू येतो. तो जपूनच करावा. पारशांचे पूर्वज हजाराहून अधिक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा टोमॅटो ना इराणात होता ना गुजरातेत. आणि मुंबई-पुण्याचे इराणी हॉटेलवाले एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत आले ते मुख्यतः यज़्द आणि केरमानच्या बाजूने, शिराझहून नव्हे. मराठी कोशिंबिरीशी तुलना केली तर फरक आणखी ठळक होतो, कारण दाण्याचे कूट ओलावा शोषते आणि फोडणी स्वाद ताब्यात घेते, तर शिराझी वाडग्यात सुटणारे पाणी हवेच असते.

घरी करताना म्हणूनच पाणी आणि आंबट या दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. चार जणांना चार लहान, कोवळ्या काकड्या, तीन घट्ट टोमॅटो आणि एक मध्यम कांदा पुरतो. आपल्याकडची मोठी काकडी असेल तर ती उभी चिरून मधल्या बिया चमच्याने काढाव्यात. कडू निघते का, ते देठाकडचा तुकडा चाखून आधीच पाहावे. तुकडे सगळे सारखे आणि हरभऱ्याएवढे हवेत, आणि सुरी धारदार हवी, नाहीतर टोमॅटो चेचला जातो आणि वाडग्याचा रंग गढूळ होतो. फूड प्रोसेसर इथे कामाचा नाही. कांदा तिखट असेल तर चिरून पाच मिनिटे गार पाण्यात ठेवून निथळावा. तीन मोठे चमचे लिंबाचा रस, एक मोठा चमचा वाळवलेला पुदिना, थोडी मिरपूड. ऑलिव्हचे तेल घालायचे तर एक चमचा, न घातले तरी काही बिघडत नाही. पुदिना तळहातांवर चोळून घालावा, तेव्हाच त्याचा वास सुटतो, आणि डबीतला पुदिना चोळूनही वास देत नसेल तर तो टाकून नवा वाळवावा. मीठ मात्र वाढायच्या दहा मिनिटे आधी, कारण ते पेशींतले पाणी ओढून काढते: दहा मिनिटांत हवे तेवढे पाणी सुटते, तासाभरात काकडी लुळी पडते.

आबघूरे करून पाहायची हौस असेल तर महाराष्ट्रात ती भागू शकते. नाशिक आणि सांगलीकडे रुजलेली थॉमसन सीडलेस ही जात म्हणजे पश्चिम आशियातली किशमिशच. आपला किसमिस हा शब्दही तिथलाच. विरळणीत पडणारे मणी मात्र त्यासाठी घेऊ नयेत, ते फार लहान आणि तुरट असतात, शिवाय त्यांवर फवारण्या झालेल्या असतात. मण्यात पाणी उतरण्याच्या थोडे आधीचा, फवारणी न केलेल्या परसातल्या वेलाचा घड मिळाला तर उत्तम. अर्धा किलो मणी पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये भरड ठेचून फडक्यातून पिळावेत, रसात चमचाभर मीठ घालून एक उकळी आणावी, गार झाल्यावर बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. लिंबाच्या जागी हा रस घालताना माप थोडे वाढवावे लागते. भात संपतो, तुकडे संपतात, आणि वाडग्याच्या तळाशी गुलाबीसर, पुदिन्याचे कण तरंगणारे पाणी उरते. ते ओतून देऊ नये, चमच्याने प्यावे.