कर्जाला शेवटची सही कोणाची? सीमाभागातल्या सहकारी बँकांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात नागरी सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत थकबाकीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो: हे कर्ज कोणाच्या सांगण्यावरून दिलं? चेअरमन मॅनेजरकडे बघतात, मॅनेजर ठरावाकडे बोट दाखवतो. अधिकार आणि जबाबदारी एकाच हाती असावी, हे व्यवस्थापनाचं मूलभूत तत्त्व आपल्याकडे नेमकं कुठे सुटलं, ते समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

१९०४च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळमध्ये देशातली पहिली सहकारी पतसंस्था नोंदवली गेली. ते गाव तेव्हा धारवाड जिल्ह्यात होतं आणि बेळगावही त्याच मुंबई इलाख्यात. त्या काळातल्या गावपातळीवरच्या संस्थांत पंच बिनपगारी असत. कर्ज मागणारा समोरच्या गल्लीतला, त्यामुळे पैसे देणारा आणि वसूल करणारा एकच असला तरी निभावून जाई. १९२५चा मुंबई प्रांताचा सहकार कायदा, १९५६ची राज्य पुनर्रचना आणि १९५९चा नव्या म्हैसूर राज्याचा (आजच्या कर्नाटकाचा) सहकार कायदा या टप्प्यांत वरचं कार्यालय बदललं, पण पंचांच्या हातात सगळं ठेवणारी ही रीत बदलली नाही.

१ मार्च १९६६ पासून बँकिंगचा कायदा सहकारी बँकांनाही लागू झाला. तेव्हापासून पैशांच्या व्यवहारावर रिझर्व्ह बँकेची नजर, तर नोंदणीसारख्या सहकारी बाबी राज्याच्या सहकार निबंधकाकडे. माणसाने एकाच वरिष्ठाकडून हुकूम घ्यावा, असं एका फ्रेंच खाण अभियंत्याने १९१६ साली लिहून ठेवलं होतं. आपल्या मॅनेजरला मात्र संचालक मंडळ, निबंधक आणि रिझर्व्ह बँक असे तिघे वरिष्ठ मिळाले. त्यातलं रोज समोर बसणारं फक्त संचालक मंडळ, आणि पगारवाढही त्याच्याच हातात.

खरा वाद २०११ साली सुरू झाला. नागरी बँकांच्या परवान्यांचा विचार करणाऱ्या एका तज्ज्ञ समितीने सुचवलं की निवडून आलेल्या संचालक मंडळाने धोरण आखावं आणि देखरेख करावी, तर रोजच्या बँकिंगसाठी वेगळं व्यवस्थापन मंडळ असावं. आठ वर्षं चर्चा चालली. रिझर्व्ह बँकेच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने १०० कोटी आणि त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी बँकांना असं मंडळ बंधनकारक केलं. त्यात किमान पाच, जास्तीत जास्त बारा सदस्य, शिवाय मुख्य कार्यकारी अधिकारी. सदस्यांना हिशेब, कायदा, बँकिंग अशा विषयांची जाण हवी. कर्जप्रस्ताव आणि वसुली या मंडळासमोर यायची. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीला रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगीही लागू लागली.

या निर्णयाला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. सभासदांनी निवडून दिलेल्यांच्या वर न निवडलेली माणसं कशी बसवायची? एक सभासद, एक मत या सहकाराच्या पायालाच तो धक्का आहे, असं ते म्हणतात. सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. इथल्या मराठी माणसासाठी बँकेचं किंवा पतसंस्थेचं संचालकपद ही समाजात पुढारपण करण्याच्या मोजक्या जागांपैकी एक आहे. तिथून कर्जाचा अधिकार गेला की पुढारपणच गेलं, असं वाटणं स्वाभाविक आहे.

तरीही मला परिपत्रकाची दिशा योग्य वाटते. लहान गावात भावकी, शाळासोबती, निवडणुकीतले मदतनीस यांची भीड मोडणं सोपं नसतं. नाही म्हणायचं काम भीड नसलेल्या माणसाकडे गेलं तर संचालकाचीही सुटका होते. पुढारपण म्हणजे दिशा ठरवणं आणि हिशेब मागणं, अर्जावर सही करणं नव्हे. कच्चा दुवा वेगळाच आहे: हे मंडळ नेमतं संचालक मंडळच आणि अंतिम जबाबदारीही त्याचीच राहते. आपल्याच माणसांनी ते भरलं तर कागदावर दोन मंडळं दिसतात, निर्णय मात्र जुन्याच खोलीत होतो.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. बँकिंगच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले आणि सलग संचालकपदाला आठ वर्षांची मर्यादा आली. ऑगस्ट २०२५ पासून सहकारी बँकांसाठी ती दहा वर्षं झाली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिलेली खुर्ची त्यामुळे हलू लागली. चंदगड, कोल्हापूरकडे शाखा काढण्यासाठी २००२च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली नोंदणी घेतलेल्या पतसंस्था आणि राज्याच्या कायद्याखालच्या पतसंस्था मात्र बँका नाहीत, म्हणून त्यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे कर्जमंजुरी आजही संचालकांच्या बैठकीतच होते.