स्किझोफ्रेनिया आणि जनुक बदललेले उंदीर : पार्श्वभूमी

पुण्यात पाषाणच्या आयसर संस्थेत जनुकीय बदल केलेले उंदीर तयार करणारी राष्ट्रीय सुविधा आहे. अशा उंदरांवरून स्किझोफ्रेनिया या, भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराबद्दल काही उलगडल्याची बातमी वाचली, की घरात रुग्ण असलेल्या माणसाला साहजिकच प्रश्न पडतो : उंदराला भास होतात, हे कळते कसे? ते कळत नाही. मोजले जाते ते वेगळेच, आणि ते इतिहासातून नीट समजते.

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये मानसिक रुग्णांवर क्लोरप्रोमाझिन या औषधाचा गुण दिसला. ते आणि त्याच्यासारखी औषधे मेंदूतल्या डोपामिन या निरोप्या रसायनाला अटकाव करतात हे पुढे उमगल्यावर, उंदराला डोपामिन वाढवणारे ॲम्फेटामिन हे उत्तेजक टोचायचे आणि त्याची वाढलेली धावपळ औषधाने थांबते का ते पाहायचे, अशी रीत पडली. त्यात परीक्षा होई ती औषधाची; आजाराच्या मुळापर्यंत हात पोचत नसे.

१९८९ मध्ये ठरवून एकच जनुक निकामी केलेले उंदीर जन्माला आले आणि चित्र बदलले. पण निकामी करायचे कोणते जनुक? एक धागा स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या कुटुंबात सापडला. त्यातील अनेकांच्या पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली होती आणि तिचा मानसिक आजारांशी संबंध असल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले; तुटलेल्या जागेवरच्या जनुकाला २००० मध्ये ‘डिस्क-१’ हे नाव मिळाले. त्या जनुकात बदल असलेल्या उंदरांचे वर्तन २००७ पर्यंत तपासले जाऊ लागले.

तपासणी अशी असते : उंदराला एका छोट्या पारदर्शक नळीत ठेवून अचानक मोठा आवाज करतात आणि तो किती दचकतो, हे खालची संवेदक पट्टी नोंदवते. त्या आवाजाच्या सुमारे दशांश सेकंद आधी हलका आवाज दिला, तर निरोगी उंदीर कमी दचकतो. माणसांतही पापणीच्या उघडझापीवरून हेच मोजता येते आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हा आवर कमी पडतो, हे १९७८ मध्येच दिसले होते. माणूस आणि उंदीर यांना एकाच मापाने मोजता येणे, हे या चाचणीचे खरे मोल आहे. मात्र उंदीर तीत नापास झाला म्हणून त्याला ‘स्किझोफ्रेनिक’ म्हणणे मला सर्वस्वी गैर वाटते.

२०१४ मध्ये हजारो रुग्णांच्या तपासणीतून आजाराशी निगडित जनुकसंचातील १०८ ठिकाणे पुढे आली, तेव्हा एका जनुकावरची भिस्त ओसरली. आता अधिक भरवशाचे वाटतात ते बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळाल्यासारखी स्थिती घडवलेले उंदीर, कारण तो तुकडा नसलेल्या माणसांपैकी साधारण चौघांत एकाला हा आजार होतो. अशा उंदरांत कामापुरते लक्षात ठेवण्याची क्षमता कमी आढळते, आणि त्याच वेळी हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीशी संबंधित भाग) व मेंदूचा पुढचा भाग यांच्या विद्युत लहरींचा मेळही बिघडलेला असतो, हे २०१० मध्ये दाखवले गेले.