आय-लीग जिंकून वर जाता येत नाही? येतं की!

नाशकात गंगापूर रोडच्या कुठल्याही टर्फवर जा, मॅच संपली की कोणीतरी बोलतंच, आय-लीग (भारतातली दुसऱ्या नंबरची फुटबॉल लीग) जिंकून काय उपयोग, आयएसएलमध्ये (म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये) फक्त पैसेवाल्यांना एन्ट्री. जुनं झालं राव हे! आधी होतं खरं तसं, बेंगळुरू एफसी 2017 मध्ये गेली ती बोली लावूनच, आणि गोकुलम केरळाने 2020-21, 2021-22 अशी लागोपाठ दोनदा लीग मारली तरी बिचारे तिथेच, म्हणून लोकांच्या डोक्यात ते बसलंय.

पण 2022-23 पासून चॅम्पियन टीम फ्रँचायझी फी (लीगमध्ये जागा मिळवायचे पैसे) न भरता वर जाते, फक्त क्लब लायसन्सच्या अटी पूर्ण करायच्या, म्हणजे स्टेडियम, युथ टीम, पैशांचा हिशेब वगैरे (हे पण सोपं नाही म्हणा). त्या सीझनला राउंडग्लास पंजाब जिंकली आणि पंजाब एफसी नावाने वर गेली, पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग. 2024-25 चा तर वेगळाच राडा, ट्रॉफी चर्चिल ब्रदर्सला दिली आणि जुलै 2025 मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने चॅम्पियन ठरवलं इंटर काशीला.

तक्रारच करायची तर खाली येण्याबद्दल करा, पंजाब वर गेली तेव्हा आयएसएलमधून कोणीच खाली आलं नव्हतं.