सूतगिरणी, पाणचक्की आणि दोन रोलरमधलं अंतर

औद्योगिक क्रांती म्हटलं की धूर ओकणारं धुराडंच डोळ्यासमोर येतं, आणि जेम्स वॅट शाळेत इतका ठसवलेला असतो की गिरण्या वाफेच्या इंजिनामुळेच सुरू झाल्या असं बहुतेकांना वाटतं. पण रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये इंग्लंडात डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्डला सूतगिरणी काढली ती पाणचक्कीवर! पाणी कुठलं, तर एक ओढा आणि शिशाच्या खाणीतलं पाणी काढायला खणलेला बोगदा. खाणीचं पाणी जरा कोमट, म्हणजे थंडीत गोठायची भीती नाही. धंद्याचं डोकं होतं माणसाला.

हा गडी मूळचा न्हावी, केसांचे टोप विकायचा. जॉन के नावाच्या घड्याळजीला हाताशी धरून सूत कातायचं मशीन बनवलं आणि १७६९ ला पेटंट घेतलं. आता त्यातली खरी गंमत बघा.

कापसाचा पेळू, म्हणजे न पिळलेली सैल वळी, रोलरच्या एका जोडीतून जातो, मग पुढच्या जोडीतून, आणि पुढची जोडी जास्त वेगाने फिरते. समजा सहापट वेगाने, तर पेळू सहापट लांब आणि तेवढाच बारीक होणार, हे सोपं आहे. घोळ होतो तो दोन जोड्यांमधल्या अंतरात. कापसाचा तंतू साधारण अडीच-तीन सेंटीमीटरचा असतो, अंतर त्याहून कमी ठेवलं तर एकच तंतू दोन्हीकडे पकडला जातो आणि तुटतो, फार जास्त ठेवलं तर मधल्या तंतूंना कोणीच धरलेलं नसतं, ते कसेही सरकतात आणि सूत कुठे जाड कुठे बारीक येतं. म्हणून अंतर तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त, आणि वरचा रोलर घसरू नये म्हणून त्याला चामडं लावून वजन टांगायचं. शेवटी फिरत्या चातीवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या दांडीवर, पीळ बसतो, पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढतं, आणि सुताला ताकद येते ती याच घर्षणातून.

बाकी 'एका जीनियसने एकट्याने जग बदललं' वगैरे कथा सोडून द्या. रोलरने कातायचं पेटंट लुईस पॉलने १७३८ लाच घेतलं होतं, फक्त धंदा जमला नाही. आर्कराइटचं १७७५ चं पेटंट पण १७८५ ला कोर्टाने रद्द केलं, तरी पुढच्या वर्षी साहेबांना 'सर' किताब मिळाला! गिरणीत राबणाऱ्यांत लहान मुलं भरपूर होती, ते या कौतुकात कुठे येत नाही.

सूत मात्र खरंच मजबूत. आधी तिकडच्या 'सुती' कापडात ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, लिनन लागायचं, कारण हाताने कातलेलं त्यांचं सूत मागावरचा ताण सोसायचं नाही, तुटायचं. हारग्रीव्ह्जच्या 'जेनी' या हाताने चालवायच्या कताई यंत्राचं मऊ सूत बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यालाच ठीक होतं. आर्कराइटचं सूत ताण्याला चालायला लागलं आणि पूर्ण सुती कापड तिथेच विणता यायला लागलं. अगदी तलम सूत मात्र या मशीनला जमायचं नाही, त्यासाठी क्रॉम्प्टनने १७७९ ला हेच रोलर आणि जेनी एकत्र करून 'म्यूल' नावाचं कताई यंत्र बनवलं.