प्रतिकारदमक औषधांमुळे होणारा मूत्रपिंडाचा अपाय

स्वप्रतिरक्षा विकारांत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते अशा आजारांत (ल्युपस, सोरायसिस, आमवात, डोळ्यांचा युव्हायटिस इ.), दीर्घकाळ घ्याव्या लागणाऱ्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या काही औषधांमुळे मूत्रपिंडाच्या कार्यात व रचनेत होणारा बिघाड. हा दोष मुख्यतः सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस यांचा आहे. अझाथायोप्रिन व मायकोफेनोलेट मूत्रपिंडाला सहसा अपाय करत नाहीत. मेथोट्रेक्सेटचा प्रश्न उलटा : मूत्रपिंड मंदावले की ते शरीरात साठते व रक्तपेशी घटतात.

सायक्लोस्पोरिन देणारी बुरशी नॉर्वेतील हार्डान्गरव्हिड्डा पठारावरच्या मातीत मिळाली. नमुना १९६९ च्या सुमारास घेतला असावा. तिचा प्रतिकारदमक गुण १९७२ मध्ये बाझेल येथील सँडोझ कंपनीत आढळला. श्रेय झां-फ्रांस्वा बोरेल यांचे की हार्टमान श्टेहेलिन यांचे, हा वाद बरीच वर्षे चालला. चाचणी श्टेहेलिन यांच्या प्रयोगशाळेतील व पुढील पाठपुरावा बोरेल यांचा, हे पाहता श्रेय दोघांना देणे अधिक न्याय्य दिसते. मूत्रपिंडावरील परिणाम १९७८ मध्ये केंब्रिजला शल्यचिकित्सक रॉय काल्न यांच्या प्रत्यारोपणाच्या रुग्णांत दिसला. पण रोपित मूत्रपिंड औषधाने बिघडले की शरीराने नाकारल्याने, हे ठरवणे अवघड होते. स्वतःचे मूत्रपिंड धड असलेल्या स्वप्रतिरक्षा रुग्णांमुळे ही गुंतागुंत बरीच सुटली. १९९२ च्या एका संकलनात अशा १९२ जणांच्या मूत्रपिंडाचे तुकडे तपासले असता ४१ जणांत औषधजन्य इजा आढळली. मात्रा दररोज दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असणे व क्रिएटिनीन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारे टाकाऊ द्रव्य) मूळ आकड्याहून ३० टक्क्यांवर चढणे, या दोन गोष्टी त्यात धोक्याच्या ठरल्या.

औषधाने प्रथम मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म रोहिण्या आकसतात. मात्रा उतरवली की हा परिणाम बहुधा ओसरतो. पुढे रोहिण्यांच्या भिंती जाड होऊन ऊतीत पट्ट्यापट्ट्यांनी तंतू वाढतात, ते मात्र भरून येत नाही. रक्तदाब व पोटॅशियम वाढते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी रुग्ण बेळगावबरोबरच कोल्हापूर-मिरजेलाही दाखवतात. रिपोर्ट असे विखुरले की औषध सुरू होण्यापूर्वीचा क्रिएटिनीनचा आकडा हाताशी राहत नाही, आणि निदान तर त्यावरच उभे आहे. ०.७ चे ०.९५ झाले तरी रिपोर्टवर ‘नॉर्मल’च येते, वाढ मात्र सुमारे ३६ टक्क्यांची असते. म्हणून तो पहिला कागद फाइलमध्ये सर्वांत वर असावा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले. मात्र अशा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर असतो, दरमहाच्या रक्ततपासणीवर नाही. सांधेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी हा अपाय वाढवते. क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक) किंवा केटोकोनाझोल (बुरशीनाशक) सोबत दिल्यास सायक्लोस्पोरिनचे रक्तातील प्रमाण चढते.

ल्युपसमध्ये मूळ आजारच मूत्रपिंडावर उतरतो. तेथे क्रिएटिनीन वाढले तर दोष औषधाचा की रोगाचा, हे बायॉप्सीवाचून सांगणे बहुधा कठीण असते.