घावनाचा तवा आणि भाकरीचा तवा: बीड कुठलं, लोखंड कुठलं?

भांड्यांच्या दुकानात दोन्ही तवे एकावर एक रचलेले असतात. दोन्ही काळे, दोन्ही गोल, आणि दोन्ही सरसकट 'लोखंडी तवा' म्हणून विकले जातात. गणपतीला गावी आलेले चाकरमानी जाताना एखादा उचलून मुंबईला नेतात आणि मग फोन करून विचारतात, घावनं का चिकटतात? पीठ बहुतेक वेळा बरोबर असतं. तवा भाकरीचा असतो.

घावनाचा तवा बिडाचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचा, आणि भाकरीचा लोखंडी पत्र्याचा. मुळात दोन्ही लोखंडच. फरक कार्बनचा आणि घडणीचा. बिडात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो. शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात, बीड 1200 अंशांच्या आसपासच पातळ होतं, म्हणून ते वाळूच्या साच्यात ओतता येतं. पण त्याच कार्बनमुळे ते ठिसूळही होतं. नेहमीचा लोखंडी तवा पत्र्याचा. त्यात कार्बन जेमतेम पाव टक्का, त्यामुळे पत्रा ठोकून, दाबून वाकवता येतो. फरशीवर पडला तर लोखंडी तव्याला पोचा येतो, बिडाचा तवा फुटतो.

दुकानात ओळखायचं असेल तर तवा उलटा करा. बिडाच्या पाठीला वाळूच्या साच्याची खरबरीत रवाळ खूण असते, कडा जाड असते आणि कान किंवा दांडा तव्यासोबतच ओतलेला असतो. पत्र्याच्या तव्याचा दांडा रिव्हेट मारून किंवा वेल्डिंगने जोडलेला दिसतो. बोटाच्या सांध्याने टकटक केलं तर पत्रा खणखणतो, बीड बद्द वाजतं. लोहचुंबक इथे कामाचा नाही, तो दोन्हींना चिकटतो. त्याने फक्त काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा तवा वेगळा पडेल.

आता घावनाकडे वळू, कारण खरा फरक तिथेच कळतो. घावनाचं पीठ ताकासारखं पातळ आणि गार. ते तव्यावर पडलं की क्षणात तव्याची उष्णता ओढून घेतं. पातळ पत्र्यात साठवलेली उष्णता थोडीच, तो तिथल्या तिथे गार पडतो, पीठ बसतं आणि चिकटतं. जाड बिडात उष्णतेचा साठा मोठा असतो. पीठ पडताक्षणी त्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफ वर येताना भोकं पाडते आणि जाळी सुटते. जाळी पडली की कडा आपोआप उचलते, कालथा फक्त टेकवायचा. आंबोळीचं पीठ दाट आणि आंबवलेलं असतं, ते थोडं सांभाळून घेतं. तरी खालून खरपूस आणि वरून लुसलुशीत आंबोळी हवी तर तिलाही बीडच लागतं.

बीड उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं, असं जे सांगतात ते मात्र खरं नाही. उष्णता वाहून नेण्यात बीड ॲल्युमिनियमच्या खूप मागे आहे. लहान बर्नरवर मोठी आच केली तर मधोमध जळतं आणि कडेला पीठ पांढरं राहतं. मंद आचेवर सात-आठ मिनिटं तापू द्या, मग पहिलं घावन घाला.

भाकरीचं गणित उलटं. उकड काढून थापलेली तांदळाची भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, की शेवटी तवा बाजूला करून ती विस्तवावर फुगवायची. दर भाकरीला तवा उचलायचा, पुन्हा ठेवायचा. बिडाचा तवा 2-2.5 किलोचाही असतो, तो असा नाचवता येत नाही. शिवाय पत्रा लवकर तापतो, आच कमी केली की लवकर उतरतो, आणि भाकरीला हे हवंच असतं. आणखी एक कारण आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांनी कधी समजावलं नाही, फक्त बजावलं: "ह्या तव्यार भाकरी भाजू नको गो." कोरड्या, कडक आचेने बिडावरचा तेलाचा थर जळून जातो, आणि मग पुढची चार घावनं वाया जातात.

हा थर म्हणजे वर लावलेलं ओलं तेल नव्हे. पातळ लावलेलं तेल तापून धुरावलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंफून कडक, काळं कवच होतं. दोन्ही तव्यांना ते लागतं. कोकणात इथेच एक घोळ होतो, तो खोबरेलाचा. हाताशी तेच असतं म्हणून नवा तवा त्यानेच मुरवला जातो. पण खोबरेलातला सुमारे 90 टक्के मेद संपृक्त असतो, त्याचे रेणू असे गुंफत नाहीत आणि कवच नीट बनत नाही. तवा मुरवायला सूर्यफूल किंवा सोयाबीनचं तेल घ्या, कापडाने जवळजवळ पुसून टाकल्याइतकं पातळ लावा, धूर येईपर्यंत तापवा, गार करा आणि हे तीन-चार वेळा करा. पावसाळ्यात तवा ठेवून देताना मात्र खोबरेलच बरं. जे कवच धरत नाही ते हवेत चिकटही होत नाही, लवकर खवटतही नाही. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत कोरडा ठेवलेला तवा गंजतोच. घावन घालताना तेल फिरवायला सोडणाचा (नारळाच्या सालीचा) कुंचा किंवा अर्धा कांदा घ्या, दोन्ही उत्तम.

मासे दोन्हींवर होतात. बांगडा, सुरमई तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून बिडावर झकास भाजतात. फक्त आगळ (कोकमाचा आंबट रस) लावलेले तुकडे आधी निथळून घ्या, आणि कोकमाचं सार किंवा तिरफळाची आमटी कुठल्याच लोखंडात शिजवू नका. आंबटाने कवच उतरतं, रस काळपट होतो आणि धातूची चव लागते. लोखंडाच्या भांड्यातून अन्नात लोह उतरतं हे खरं आहे, पण ते आंबट, पातळ आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थात जास्त. दोन मिनिटांच्या घावनातून फारसं काही मिळत नाही, त्या आशेने बीड घेऊ नका.

तापलेल्या बिडावर गार पाणी कधीच ओतायचं नाही, तडा जातो. मासे होतात म्हणून घावनाचा तवा त्यासाठी वापरूही नये, वास धरतो. गौरीच्या घावन-घाटल्याला तो पुन्हा लागणार असतो.

नवा संसार मांडत असाल तर आधी लोखंडी तवा घ्या. तो रोज लागतो, हलका असतो आणि चुका सोसतो. बीड घेण्याआधी गावच्या घरातला माळा मात्र एकदा बघा. तिथे बहुतेक एखादा जुना तवा गंजून पडलेला असतो. तो धुऊन उजेडात धरा आणि टकटक करा. तडा नसेल, आवाज चिरका येत नसेल, तर गंज घासून काढा आणि तोच पुन्हा मुरवा.