आट्यांचा चक की सपाट पाठीचा चक?

छत्रपती संभाजीनगरात जुन्या मशिनरीच्या गाळ्यात चार इंची, तीन जॉचे (जबड्यांचे) दोन चक, म्हणजे लेथवर (कातकामाच्या मशीनवर) कातायचा तुकडा धरणारे पकडे, शेजारी ठेवले, तर समोरून फरक कळत नाही. तेच जॉ, तेच चावीचं चौकोनी भोक. घरच्या छोट्या लेथसाठी चक बघायला गेलात तर पहिलं काम एकच करा, चक पालथा घाला.

पाठीत मधोमध आटे पाडलेले असतील तर तो आट्यांचा चक. तो स्पिंडलच्या (लेथच्या फिरत्या दांड्याच्या) नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, थेट फिरवून बसतो. आटे नसून मधे उथळ, गोल, गुळगुळीत खळगा आणि कडेने बोल्टची भोकं असतील, तर तो सपाट पाठीचा. त्याला स्पिंडल आणि चक यांच्यामध्ये बॅकप्लेट, म्हणजे जोडणारी गोल चकती, लागते, किंवा स्पिंडललाच तशी फ्लँज (रुंद गोल कड) असावी लागते.

खरी फसगत होते ती यांच्या मधल्या रूपात. सपाट पाठीच्या चकाला आधीच्या मालकाने आट्यांची बॅकप्लेट लावून ठेवलेली असते आणि ती तेलकट मळाखाली झाकलेली असते. बघणाऱ्याला मागे आटेच दिसतात. फडक्याने कड पुसा. दोन तुकड्यांमधली बारीक गोल रेघ दिसली तर ती बॅकप्लेट आहे, आणि ती सुटते.

हे मला महागात पडून समजलं. माझ्या लेथच्या नाकावर इंचाला १० आटे आहेत. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने ‘काका, दहा आट्यांचाच आहे, डोळे झाकून न्या’ म्हणून चक दिला. घरी लावला तर पाच-सहा आटे सहज गेला, मग जड व्हायला लागला. तिथेच थांबलो म्हणून स्पिंडल वाचला. पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायची दातेरी पट्टी) लावल्यावर कळलं, आटे २.५ मि.मी. पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर तेवढं. इंचाला १० म्हणजे २.५४ मि.मी. एका आट्याला ०.०४ चा फरक, पाच आट्यांत ०.२ मि.मी. होतो. सुरुवातीला ढिलाईत तो खपून जातो आणि पुढे चावतो. त्यामुळे ‘फिरवून बघितलं, बसतोय’ एवढ्यावर पैसे देऊ नका. पिच गेज नसेल तर आट्यांवर कागद अंगठ्याने दाबा आणि उठलेल्या रेघांत दहा आट्यांची लांबी पट्टीवर मोजा, २५.४ मि.मी. की २५ ते कळेल. जुन्या इंग्लिश मशीनवर आट्याचा कोनही वेगळा असतो. मायफर्ड एमएल ७ या इंग्लिश लेथचं नाक एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.५७५ मि.मी., इंचाला १२ आटे, कोन ५५ अंश. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश.

आता जी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती. चक मध्यावर धरून ठेवायचं काम आटे करत नाहीत. ते फक्त मागे खेचतात. मध्य धरतो तो आट्यांच्या मागचा गुळगुळीत भाग, म्हणजे रजिस्टर, आणि सरळ ठेवतो त्यामागचा खांदा, म्हणजे चक टेकतो ती रुंद सपाट कड. आटे जुळले पण रजिस्टर ढिलं राहिलं, तर चक बसेल, घट्टही होईल, आणि दरवेळी वेगळ्या जागी बसेल. म्हणून नाकाची मापं घेताना आट्याचा व्यास, पिच, रजिस्टरचा व्यास आणि खांद्यापर्यंतची लांबी, चारही लिहून ठेवा. चक चढवण्याआधी आटे आणि खांदा ब्रशने साफ करा. खांद्यावर एक बारीक चिप अडकली तरी जॉब (चकात धरलेला तुकडा) डोलतो.

सपाट पाठीच्या चकाची मापं वेगळी. चिनी मिनी लेथवर येणाऱ्या ८० मि.मी. के ११ नावाच्या चकाचा खळगा ५५ मि.मी. असतो आणि तीन बोल्ट ६६ मि.मी.च्या वर्तुळावर. १०० मि.मी. चकाला हेच ७२ आणि ८४. इथे एक चूक वारंवार होते. व्हर्नियरने दोन भोकांमधलं अंतर मोजून तोच वर्तुळाचा व्यास धरतात. तीन भोकं असतील तर मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतराला १.१५५ ने गुणायचं. ५७.२ आलं तर वर्तुळ ६६ चं.

बॅकप्लेट बिडाची घ्या आणि तिचा शेवटचा कट स्वतःच्याच स्पिंडलवर मारा. आधी आटे पाडून ती चढवायची, मग तिथेच फेस मारायचा (समोरची बाजू सपाट कातायची) आणि खळग्यात बसणारा उंचवटा कातायचा. उंचवट्याची उंची खळग्याच्या खोलीपेक्षा थोडी कमी ठेवा. खळगा ४ मि.मी. खोल असेल तर साडेतीन पुरे. नाहीतर उंचवटा तळाला टेकतो, कडेचा फेस अधांतरी राहतो आणि बोल्ट आवळताना चक वाकडा ओढला जातो.

माझं मत विचाराल तर सपाट पाठीचाच चक घ्या. उद्या लेथ बदलला तर फक्त बॅकप्लेट नवी करावी लागते. माझा तो चुकीच्या आट्यांचा चकही असाच वाचला. रेघ सापडली, जुनी प्लेट काढली, नवी कातली. आट्यांवर बसणारा चक, मग तो थेट असो वा बॅकप्लेटसह, मशीन उलटं फिरवून कट घेताना सुटू शकतो. चक नाकावरून सुटू नये असं कुलूप नसेल तर तसा कट घेऊच नका.

वाळूजला काम करणाऱ्या एका टर्नर मित्राकडून मी माझ्या स्पिंडलच्या नाकाची हुबेहूब नक्कल करून घेतली आहे. माप जुळतंय का हे बघायला लेथसोबत आलेली, त्याच नाकावर बसणारी फेसप्लेट (सपाट चकती) त्याच्याकडे नेऊन ठेवली होती. जालन्याला किंवा नांदेडला जुना चक बघायला निघालो की ती नक्कल फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकतो.